दफेदारांच्या बाभळी

“बी मेलेलं आहे, बाई,” माधवराव म्हणाले, आणि माझं डोकंच फिरलं.

राग माझ्या नाकावरच असतो, हे ग्वाल्हेरात आमच्या खासगी बाजार मोहल्ल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या दिवशीचा राग वेगळा होता. टेबलावर चार बशा होत्या. प्रत्येकीत ओल्या टीपकागदावर बाभळीच्या शंभर बिया, चौदा दिवस ठेवलेल्या, आणि फुटलेल्या किती? सात, नऊ, सहा, आठ. बाकीच्या जशा टाकल्या तशाच, टणक. सहा वर्षांत माझ्या बशीत शंभराला पंचाहत्तरच्या खाली कधी उतरलं नव्हतं. आणि उतरलं ते नेमकं माधवरावांसमोर!

सन छप्पन्नचा ऑक्टोबर होता. मध्यभारत मोडून एक नोव्हेंबरला नवं राज्य व्हायचं होतं, राजधानी भोपाळ. ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांतून फायलींची बोचकी बांधणं चाललं होतं. जो तो दुसऱ्याला विचारायचा, “तुमचा नंबर लागला का? भोपाळ की घर?” माधवराव नागपूरचे. तेही भोपाळलाच निघाले होते, पण त्याआधी आमच्यासारख्या लहानसहान जागा तपासून कुठली ठेवायची आणि कुठली बंद करायची याची यादी त्यांना करायची होती. माणूस नाकासमोर चालणारा. बी हातात घ्यायचा, वास घ्यायचा, दाताखाली धरून बघायचा, आणि मगच लिहायचा.

आमची जागा म्हणजे मुरारच्या रस्त्यावरची बीखोली. एक लांबट खोली, दोन माणसं. मी उषा भापकर, बॉटनी घेऊन बी.एस्सी. झालेली, बी तपासणारी. आणि बी गोळा करून आणणारे सूर्याजी, ज्यांना सगळे दफेदार म्हणायचे. चंबळच्या बीहडात जमीन दर पावसाळ्यात ढासळते, ओघळी शेतं खात पुढे सरकतात. ती धरून ठेवायला बाभूळ पेरायची, आणि त्या पेरणीचं बी आमच्याकडून जायचं.

दफेदार संस्थानच्या रिसाल्यातले. फौज हिंदी फौजेत विलीन झाली तेव्हा तरुण तेवढे घेतले आणि चाळिशी उलटलेल्यांना घरी पाठवलं. ज्या माणसानं पंचवीस वर्षं घोड्यावर काढली, तो पायी फिरून बाभळीच्या शेंगा गोळा करू लागला. मिशांचा पीळ मात्र तसाच. थाटीपुरात सरकारी खोली मिळाली होती, ती या नोकरीबरोबरची. नोकरी गेली की खोली गेली. मला पदवी होती, वडिलांचं छप्पर होतं. बावन्न वर्षांच्या दफेदारांना आणि त्यांच्या मंदाताईंना काय होतं?

म्हणून मी म्हटलं, “मेलेलं नाहीये, साहेब. झोपलंय.”

माधवराव हसले. “मग उठवा ना! चोवीस तारखेला मी परत येतो. तेव्हा शंभराला साठ उगवलं तर ही बीखोली राहील. नाही उगवलं तर मग माझ्या हातात काही नाही बरं, बाई.”

उचलली जीभ लावली टाळ्याला, झालं! बोलून तर बसले. आता उठवायचं कसं?

घरी आले ती दहा बिया पदरात बांधून. देवघरातली चंदनाची सहाण काढली आणि एकेक बी तिच्यावर घासलं, टोकाचं काळं कवच जाऊन आतला पिवळट रंग दिसेपर्यंत. आई ओरडली, “अगं मेले, देवाची सहाण ती! त्यावर काटेरी बाभूळ घासतेस?” मी म्हटलं, देवानंच केलंय ना हे बी, मग त्याच्या सहाणेला काय होतंय. रात्रभर पाण्यात ठेवल्या. सकाळी दहाच्या दहा फुगून टम्म. चौथ्या दिवशी नऊंना मोड.

म्हणजे बी जिवंत होतं. बाभळीच्या बीचं कवचच असं असतं की त्यातून पाणी आत शिरत नाही. तो काही दोष नाही, ती बीची हुशारी आहे. आमच्याकडे कधी एकच सर पडते आणि मग महिनाभर कोरडं. सगळं बी त्या एका सरीला भुलून उगवलं तर सगळंच करपून जाईल. म्हणून थोडं यंदा उगवतं, थोडं पुढच्या वर्षी, थोडं पाच वर्षांनी. मातीत पडून राहतं आणि कवच झिजायची वाट बघतं.

हे कळलं आणि मला भलताच आनंद झाला. चारशे बिया सहाणेवर घासायच्या की झालं! पण मग डोक्यात किडा वळवळला. बीहडात आम्ही दरवर्षी मणानं बी पाठवत होतो, ते कोणी घासलं होतं? आणि माझ्या बशीत सहा वर्षं जे भराभर उगवायचं, त्याचं कवच कोणी झिजवलं होतं?

इथं माझी लाज सांगायलाच हवी. सहा वर्षं मी समजत होते, ही माझी करामत. मी बी सावलीत वाळवायची, कडुनिंबाची राख लावायची, मडक्यात भरून तोंड लिंपायची. दरसालच्या अहवालात ‘भापकर पद्धत’ असं लिहायची हो! एकदा कॉलेजात जाऊन त्यावर तासभर बोललेसुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि यंदाही मी तेच सगळं केलं होतं, तरी शंभराला सात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टांगा करून थाटीपूर गाठलं. दफेदार घरी नव्हते. मागच्या अंगणात मंदाताई होत्या. काट्याच्या कुंपणात अकरा बकऱ्या, आणि मंदाताई खराट्यानं लेंड्या झाडून चाळणीत धरत होत्या. चाळणी हलवली की लेंड्यांचा भुगा खाली, वर काळंभोर, चपटं बी. कोपऱ्यात त्याचंच एक पोतं भरून उभं.

“या, या, उषाताई!” त्या म्हणाल्या. “बी न्यायला आलात? हे काय, भरून ठेवलंय. यांनी यंदा नेलंच नाही. दुसरंच काहीतरी नेलं सोलून.”

मी तिथंच खाटेवर बसले. विचारायला काही उरलंच नव्हतं. उन्हाळ्यात बकऱ्या बाभळीच्या शेंगा खातात. गर पचतो, बी पचत नाही. काही रवंथ करताना तोंडातून पडतं, काही लेंडीतून. पण पोटातल्या त्या आंबट पाण्यात राहून कवच झिजतं. मी सहाणेवर जे दहा बियांचं केलं, ते या अकरा जणी मणानं करत होत्या. भापकर पद्धत म्हणे! आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होते मी.

तेवढ्यात दफेदार आले. मला पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. इतका ताठ माणूस, पण खांदे असे पडले की मलाच कसंनुसं झालं.

“दफेदार, यंदा हे बी का नाही आणलंत?” मी विचारलं.

“ताईसाहेब, नोटीस आली होती ना? साहेब स्वतः बी हातात घेणार, वास घेणार. नागपूरचे ब्राह्मण, पूजा केल्याशिवाय पाणी न पिणारे. त्यांच्या तळहातावर मी बकरीच्या लेंडीतलं बी ठेवू? बकऱ्यांना हिवाळ्यात घालायला शेंगा ठेवल्या होत्या, त्या सोलल्या. एकेक बी निवडलं, तीन पाण्यांनी धुतलं. म्हटलं, आपल्या हातून साहेबाला स्वच्छ जिन्नस जावा.”

बघा म्हणजे! चांगलं करायला गेला माणूस, आणि तेच नडलं. मला रागही येईना आणि हसूही.

“मग चोवीस तारखेला साहेबांना सांगून टाकू,” मी म्हटलं. “बकऱ्या हीच पद्धत आहे. यात लपवण्यासारखं काय आहे?”

“नाही!” ते एवढ्या जोरात म्हणाले की बकऱ्या बिथरल्या. “रिसाल्यात मी अरबी घोडे सांभाळलेत, ताईसाहेब. माझ्या बापानं, आज्यानं तेच केलं. आज मी बकऱ्या पाळतो हे या लाइनीतल्या चार घरांना सोडून कोणाला ठाऊक नाही. बी न्या, हवं तेवढं न्या. पण ते कुठून आलं हे तुमच्या तोंडून निघता कामा नये. जोतिबाची शपथ घ्या.”

“आणि खोली गेली तर?”

“गेली तर गेली. अब्रू घेऊन जाऊ.”

मंदाताई खराटा आपटून म्हणाल्या, “अब्रू घेऊन जायचं कुठं ते सांगा आधी!” पण दफेदार माझ्याकडेच बघत होते. मी शपथ घेतली. काय करणार? त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दहा तारखेला पोत्यातल्या चारशे बिया चार बशांत मांडल्या. धुतल्या, पण घासल्या नाहीत. पाचव्या दिवसापासून मोड दिसू लागले. दफेदार रोज सकाळी येऊन बशांवर वाकून बघायचे, मिशीवरून हात फिरवायचे आणि निघून जायचे. दसऱ्याला त्यांनी मला सोनं दिलं तेव्हा हळूच म्हणाले, “साठ तर होतील ना?” मी म्हटलं, “ऐंशी होतील. बोलायचं काम नाही.”

चोवीस तारखेला माधवराव आले. बरोबर मोठ्या कचेरीतला कारकून शरच्चंद्र, वही घेऊन. त्याचं मराठी दोन वाक्यांपलीकडे टिकायचं नाही, लगेच हिंदीवर यायचा. माधवरावांनी स्वतः मोजलं. अठ्ठ्याहत्तर, त्र्याऐंशी, एक्याऐंशी, ऐंशी. पुन्हा मोजलं. तेवढेच.

“अरे वा, बाई! हे तर फारच उत्तम!” त्यांनी पोत्यातलं मूठभर बी तळहातावर घेतलं, नाकाजवळ नेलं, खूश होऊन मान हलवली. “ही खोली राहणार. मात्र माणसाची जागा एकच मंजूर होईल. असं बी तयार करायची विद्या ज्याच्या हातात आहे, त्याची. तुमचंच नाव लिहितो. पद्धत काय लिहू?”

दफेदार दाराशी उभे होते, पाय जुळवून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. नाही म्हणून.

मूग गिळून बसायचं, एवढंच काम होतं. ‘सावलीत वाळवणे, राख लावणे’ म्हटलं असतं की संपलं. माझी नोकरी पक्की, शपथ शाबूत. आणि दफेदार पहिल्या तारखेला मंदाताईंना आणि अकरा बकऱ्यांना घेऊन रस्त्यावर. तेही गप्प, मीही गप्प, आणि त्यांच्या बाभळींवर माझं नाव. ते मला जमेना. जमलंच नाही.

“साहेब, माझं नाव लिहू नका,” मी म्हटलं. “मला फक्त मोजता येतं. बी दफेदार तयार करतात. ते बकऱ्यांना शेंगा खायला घालतात, आणि बकऱ्यांच्या पोटातून आलेलं बी निवडून आणतात. तुमच्या हातात आहे ते तेच आहे.”

माधवरावांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. मला वाटलं, आता फेकणार. त्यांनी फेकलं नाही. बी नीट पोत्यात परत टाकलं, हात धोतराला नव्हे, रुमालाला पुसला, आणि दफेदारांना विचारलं, “किती बकऱ्या?”

दफेदार लाल झाले होते. हुकूम सुटल्यासारखं उत्तर आलं, “अकरा, साहेब.”

शरच्चंद्राला हसू आवरेना. “म्हणजे आजपासून... लेंडी-दफेदार! क्या बात है!”

मी हातातलं रजिस्टर टेबलावर असं आपटलं की शाईची दौत कलंडली. “तुझ्या बापाला जमलं असतं का रे हे? शंभराला ऐंशी? दाखव उगवून!” माधवरावांनीही त्याच्याकडे असं पाहिलं की तो वहीत घुसला. मग त्यांनी पुढच्या ओळीत नाव लिहिलं: सूर्याजी. आणि पद्धतीच्या रकान्यात ‘बकऱ्यांकरवी’. मी डोळ्यांनी वाचलं.

दफेदार बाहेर पडताना माझ्याजवळ थांबले. “शपथ मोडलीत, ताईसाहेब,” एवढंच म्हणाले. त्यांची नोकरी राहिली होती, खोली राहिली होती. पण त्या आवाजात जे होतं ते मी अजून विसरले नाही.

एक तारखेला नवं राज्य झालं. दिवाळी तोंडावर आली होती. मी घरी बसून करंज्या तळत होते आणि मध्येच रडत होते. नोकरीसाठी रडत नव्हते हो, नोकरी काय, मिळेल दुसरी. मिळालीही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलींच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले, मुख्याध्यापिका राजलक्ष्मीबाईंनी पहिल्या भेटीतच ठेवून घेतलं. पण दफेदारांचं तोंड दिसेना. कचेरीत लोक त्यांना त्या नावानं चिडवतात, हे सराफ्यात कोणाकडून तरी कळलं. एकदा थाटीपूरला गेले. मंदाताई दारात आल्या आणि म्हणाल्या, “ते घरात आहेत, पण तुमच्यासाठी नाहीत.” मग हात धरून हळूच म्हणाल्या, “मी मात्र आहे हं. छप्पर राहिलं माझं.”

मी चुकले होते का? नाही. आजही नाहीच म्हणते. पण दुसऱ्याची लाज आपण त्याला न विचारता चव्हाट्यावर मांडली, हेही खरं. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही मला रात्रंदिवस टोचत होतं.

डिसेंबरात सातवीच्या मुलींना बी शिकवायचं होतं. पुस्तकात हरभऱ्याचं चित्र होतं. मी मंदाताईंना निरोप पाठवला की मूठभर बी द्या, आणि जमलं तर शेजारच्या कोणाबरोबर एखादी बकरी पाठवा, मुलींना दाखवीन. बकरीचं राजलक्ष्मीबाईंना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, “उषाताई, बकरी शाळेत? बरं, पण पडदे खाल्ले तर तुम्ही शिवून द्यायचे.”

त्या दिवशी तास सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील. पटांगणात मुलींची गडबड ऐकू आली. खिडकीतून बघते तर फाटकातून दफेदार स्वतः येत होते. डोक्याला रिसाल्यातला फेटा, कडक इस्त्रीचा कोट, एका हातात बीची पिशवी आणि दुसऱ्या हातात दोरी. दोरीला बकरी. भर रस्त्यातून थाटीपूरपासून तसेच चालत आले होते, सगळ्या बाजारादेखत.

ते वर्गात आले, फळ्यासमोर उभे राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. चाळीस मुली पदर आणि वेण्या तोंडात कोंबून खुसखुसत होत्या. मला वाटलं, आता हा माणूस परत फिरणार, आणि या वेळी दोषही माझाच. मी मुलींवर ओरडायला तोंड उघडलं, तोच त्यांनी हात वर केला.

“हसून घ्या,” ते कवायतीच्या आवाजात म्हणाले. भिंती घुमल्या. “ज्यांना हसायचंय त्यांनी आधी हसून घ्या. मग मी सांगतो. हे बी माझ्या बकरीच्या पोटातून आलंय. मी सूर्याजी, आणि हे बी मी तयार करतो. शंभराला ऐंशी उगवतं. बीहडात जाऊन बघा, सहा वर्षांच्या बाभळी उभ्या आहेत, सगळ्या माझ्या.”

बकरीनं तेवढ्यात फळा पुसायचं फडकं तोंडात धरलं, तरी कोणी हसलं नाही.

मग ते माझ्याकडे वळले. “ताईसाहेब,” म्हणाले, “बशा मांडा. मोजायचं काम तुमचं.”

मी बशा मांडल्या. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि मुली बघत होत्या, बघेनात का. एकेक करत शंभर बिया मी टीपकागदावर ठेवल्या, आणि दफेदार माझ्याबरोबर मोठ्यानं मोजत राहिले.